शेपटीचं हाड शाबूत होतं

आबा, आज सकाळी एका काळ्या लॅब्राडोर कुत्र्याची शेपटी पुरती वर आली, आणि आनंद व्हायच्या आधी मला तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण लोक म्हणतात म्हणून काही करणारा मी नव्हे, हे बापाइतकं कुणाला ठाऊक असणार? तेव्हा रागातच लिहितो. मधेमधे दुसरंही काही येईल, ते तुम्ही ओळखालच.

मी आता काय करतो ते आधी सांगायला हवं. खोपोलीची कारखान्यातली नोकरी मी तुमच्या पश्चात दोन वर्षांत सोडली. कर्जत ते पळसदरीच्या पट्ट्यात मुंबईकरांची फार्महाउसं झाली आहेत, तिथली कुत्री मी शिकवतो, मालक नसताना त्यांच्यावर लक्ष ठेवतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कुत्र्याला काय शिकवायचं रं? पोट भर, ते आपसूक शिकतं." आपसूक शिकतं, पण चुकीचं शिकतं, आणि मग ते सोडवायला माझ्यासारखा माणूस लागतो. हे सगळं मी एकट्याने उभं केलं. दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर ठेवून वाचली. एकेका कुत्र्याच्या चालीची, कानांची, शेपटीची टिपणं ठेवली. नवीन मालक भेटला की मी पहिल्याच भेटीत सांगून टाकतो, मला कुणी हात धरून शिकवलेलं नाही. त्यात बढाई असते, तशी थोडी तक्रारही असते. तक्रार कुणाबद्दल ते मालकांना कळायचं कारण नाही.

तर गेल्या सोमवारची गोष्ट. पळसदरीच्या धरणाजवळच्या एका फार्महाउसवर मी सकाळी साडेआठला गेलो. तिथला हा लॅब्राडोर, चार वर्षांचा नर, वजन बत्तीस किलो, माझ्या हातचा तयार झालेला. माझी मोटरसायकल वळणावर आली की तो फाटकाशी येतो आणि शेपटीने फाटकाचा पत्रा बडवतो, हा आमचा रोजचा रिवाज. सोमवारी पत्रा वाजला नाही. कुत्रा आला, कान मागे, डोळे माझ्याकडे, मागचं अंग हलवायचा प्रयत्न करतोय, पण शेपटी हलत नाही. मुळापासून चार बोटं सरळ मागे आलेली आणि तिथून एकदम खाली लोंबलेली, हापशाच्या दांड्यासारखी. बस म्हटलं तर अर्धा बसून उठला. मी हात नेला तर कण्हला. तो कधी माझ्यापुढे कण्हल्याचं मला आठवत नाही.

मला काय आठवलं सांगू? बैल. खालापूरच्या गुरांच्या दवाखान्याच्या ओसरीवर उभे राहिलेले, चिखलणीच्या दिवसांतले बैल. भाताच्या खाचरात बैल अडला की नांगऱ्या त्याची शेपटी पिरगळतो, आणि एखादा रागीट माणूस ती मोडून ठेवतो. तुम्ही सरकारी कागदावर ड्रेसर, म्हणजे मलमपट्टीवाले, पण गावोगावचे लोक तुम्हालाच डॉक्टर म्हणायचे. शेपटी मोडलेला बैल आला की तुम्ही आधी मालकाला शिव्या घालायचात आणि मग बांबूच्या चार कामट्या तासून, कापसाची गादी घालून, पट्टी बांधायचात. शेवटची गाठ तुमची वेगळीच असे, दोन वळशांची, ओढली की घट्ट होणारी आणि एका टोकाने झटकन सुटणारी. तुम्ही मला ती शिकवली नाही. मी दाराआडून बघून शिकलो.

आणि त्या फार्महाउसवर राखणीला जो माणूस आहे, तो कोण? आपल्याच पलीकडच्या गावचा एकेकाळचा नांगऱ्या. शेपट्या पिरगळण्यात त्याचं नाव होतं. त्याच्या दोन बैलांना तुमच्या हातच्या कामट्या लागल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. आता जमीन विकली गेली, बैल गेले, आणि सहा वर्षं तो आणि त्याची बायको त्या फार्महाउसच्या मागच्या खोलीत राहतात. त्यांना दुसरं घर नाही.

मी त्याला हाक मारली. "शेपटी पिरगळलीस ना याची?"

"कुनाची?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "भाऊ, कुत्र्याची शेपटी कोन पिरगळंल? नांगराला जुपायचाय काय त्याला?"

त्याची बायको आतून हसली. मला वाटलं, माझ्यावर हसली. मी म्हणालो, "मला शिकवू नकोस. तुझा हात मला माहीत आहे."

"बैलाची गोष्ट येगळी. त्याला वीस वरसं झाली," तो म्हणाला. "मी नाय काय केलं. आईची आन."

मी त्याच्यासमोर उभा राहून मालकांना मुंबईला फोन लावला. शेपटी मोडली आहे, कुणीतरी पिरगळली आहे, कोण ते तुम्ही समजा, असं स्पष्ट सांगितलं. मालक एरवी शांत माणूस. तेही चिडून म्हणाले, "शनिवारी मी येईन तेव्हा ती खोली रिकामी दिसली पाहिजे." मी ते त्याला सांगितलं. मग मोठ्या निगुतीने चार कामट्या तासल्या, कापूस घातला, तुमची गाठ मारली. त्याची बायको दबकत म्हणाली, "माजी गुडघ्याची गोळी हाय, अर्दी देऊ का त्याला? दुकतं बिचाऱ्याचं." मी तिला रागावलो, माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याला कधी देऊ नये, पोटातून रक्त जातं. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेली तेवढी एकच गोष्ट बरोबर होती.

आता तुमच्या विद्यार्थिनीबद्दल लिहितो. टाळत होतो.

दवाखान्यामागच्या गल्लीत सायकलच्या दुकानवाल्यांचं घर होतं. कोकणी मुसलमान माणसं, मूळची खाडीकाठची, घरात चार बकऱ्या आणि एक मुलगी. मी पंचविशीत होतो, कारखान्यातल्या पाळीवरून घरी येताना तुमचा डबा न्यायला दवाखान्यात यायचो. तेव्हा ती दहाची असेल. ओसरीवर बकरी उभी आहे, तुम्ही उकिडवे बसला आहात, आणि ती मुलगी डोळे मिटून बकरीच्या पाठीवरून बोटं चालवते आहे. तुम्ही म्हणताय, "घाई नको गं. डोळं मिटून बग. डोळं लबाड असतात, त्यांना आधीच ठरवायचं असतं. बोट गेलं की सांग, गरम कुटं लागतं." ती म्हणते, "इथे, आबा." आणि तुम्ही हसता. असं हसताना मी तुम्हाला घरी पाहिलं नव्हतं. मी डबा घेऊन दारात उभा. पंचवीस वर्षांचा पुरुष, मिशी असलेला, पगार आणणारा, आणि दहा वर्षांच्या पोरीवर जळतोय. आबा म्हणायची ती तुम्हाला. तो आपल्या घरातला शब्द होता.

मला तुम्ही जनावराला हात का लावू दिला नाही ते मला ठाऊक आहे, मी विसरलेलो नाही. मी चौदा वर्षांचा असताना एका शेतकऱ्याने गाय आणली आणि तुम्ही हात धुऊन यायच्या आत मी त्याला सांगून टाकलं की हिचं पोट फुगलंय, तेल पाजा. तो तेल आणायला निघालासुद्धा. गाय गाभण होती, आठवा महिना. तुम्ही चार माणसांत म्हणालात, "तुजं तोंड बोटांच्या पुडं धावतं. तू यातला नाय. जा, घरी जा." लोक हसले. मी गेलो. त्यानंतर मी ओसरी चढलो नाही, दारातच उभा राहिलो. पण आबा, एका चुकीची शिक्षा किती वर्षांची असते? तुम्ही पुन्हा कधी बोलावलंच नाही. आणि ती पशुवैद्यकीच्या कॉलेजला लागली तेव्हा तुम्ही तुमचा थर्मामीटर, तो स्टीलच्या डबीतला, स्वतःच्या पैशाने घेतलेला, तिला दिलात. तुम्ही गेल्यावर मी तो कपाटात शोधला. आई म्हणाली, "अरे, तो तिला दिला ना त्यांनी. तुला काय करायचा होता?" खरंच, मला काय करायचा होता. तेव्हा मी कारखान्यात होतो.

दोन वर्षांपूर्वी तिने दहिवलीत दवाखाना काढला. मी एकदाही गेलो नाही. माझ्याकडच्या कुत्र्यांना मी मुद्दाम वाकडी वाट करून दुसरीकडे नेतो, आणि मालकांना सांगतो, तिकडचा डॉक्टर अनुभवी आहे.

मंगळवारी सकाळी मी फार्महाउसवर गेलो तर कुत्रा नाही. राखणदार फाटकाशी बसलेला. "बायको घिऊन गेली त्याला," म्हणाला. "दूधवाल्याच्या टेंपोतून. रातभर इवळत व्हता त्यो. तुमी बांदलंय तवापास्नं जास्तच." कुठे नेलं ते विचारायची गरज नव्हती. मी मोटरसायकल दहिवलीकडे वळवली.

ती टेबलापाशी उभी होती, आणि माझी पट्टी सोडलेली, कामट्या एका बाजूला ओळीने ठेवलेल्या. मला बघून म्हणाली, "या दादा. गाठ बघूनच कळलं कुणाची ते. आबांची गाठ आहे." मला वाटलं आता टोमणा येईल. टोमणा आला नाही. शेपटीचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे बघा." टोक गार होतं, थोडं सुजलेलं. "बैलाच्या शेपटीला चाललं असतं. याला आवळलं गेलं. अजून एक दिवस राहिलं असतं तर टोक काळं पडलं असतं." हे तिने अगदी हळू सांगितलं, राखणदाराच्या बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून. तिचा तो हळू आवाज मला टोमण्यापेक्षा जास्त लागला.

मग तिने त्या बाईला विचारलं, "रविवारी काय काय केलं यानं?"

"काय करनार? सगळा दिस पान्यात. सायबांचे पावने बॉल फेकत व्हते नि ह्यो आनत व्हता. सकाळपास्नं उनं उतरंपर्यंत. जेवाय बी आला नाय."

"पाणी गार होतं?"

"गार म्हंजे! मी हात घातला तं बोटं वाकंनात."

मी हे विचारलंच नव्हतं. मी आल्या आल्या शेपटी पाहिली, माणूस पाहिला आणि निकाल दिला. शनिवार-रविवारी तिथे काय झालं हे विचारायला एक वाक्य लागलं असतं.

आणि मग आबा, तिने डोळे मिटले. डावा हात कुत्र्याच्या कमरेवर, उजव्या हाताची दोन बोटं शेपटीच्या मुळाशी, आणि एकेक मणका मोजत ती खाली येऊ लागली. घाई नाही. तीन बोटं खाली आल्यावर कुत्र्याने मान वळवली. "इथे," ती म्हणाली. तोच स्वर, बकरीवेळचा. मी तिच्या बोटांकडे बघत होतो आणि मला तुमची बोटं दिसत होती, तशीच जराशी बाहेर वळलेली अंगठ्याची पेरं, तेच थांबणं. तुम्ही गेल्यावर तुमचं धोतर, चष्मा, छत्री सगळं माझ्याकडे आलं. हात तेवढे तिच्याकडे गेले.

ती मला दाखवत होती. "मुळावरचे केस बघा, उभे राहिलेत, आत सूज आहे. पाण्यात हा शेपटीने दिशा धरतो, दिवसभर तिलाच राबवलं, त्यात पाणी गार. स्नायू आखडला. पोहणाऱ्या, शिकारी जातीच्या कुत्र्यांत होतं हे, फार पळवलं किंवा तासन्‌तास पिंजऱ्यात कोंडलं तरी होतं. मालकाला वाटतं मोडली." तिने टोकाला चिमटा घेतला, त्याने शेपटी ओढून घेतली. "जाणीव आहे. लघवी, शौच होतंय?" बाई म्हणाली, "व्हतं, पन बसताना कुततो." "ते दुखतं म्हणून. मणक्याचं असतं तर तिथेही बिघडलं असतं."

"हाडाचा फोटो काढा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच चढा वाटला.

तिने माझ्याकडे पाहिलं. "काढू. मलाही खात्री हवी."

ती दहा मिनिटं मी बाहेरच्या बाकावर बसलो. जे वाटलं ते लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? हाड मोडलेलं निघावं असं मला वाटलं. नुसतं वाटलं नाही, मी तसं मागितलं. त्या मुक्या जनावराने महिनाभर सोसलं असतं, एका जोडप्याने शनिवारी सामान डोक्यावर घेतलं असतं, आणि मी हे सगळं चालवून घेतलं असतं, केवळ तुमची विद्यार्थिनी एकदा चुकावी म्हणून. तिने फोटो उजेडात धरला. मणके सोंगट्यांसारखे एकामागे एक, सरळ. हाड शाबूत होतं.

उपचार असा काही नव्हताच, आणि जो होता तो मी शब्दशः लिहून घेतला. आठवडाभर विश्रांती, फिरवायचं ते दोरीवर आणि थोडंच. पाणी नाही, उड्या नाहीत. मुळाशी कोमट फडक्याने शेक, आपल्या हाताला सोसेल इतकाच. सुजेवरचं औषध तिने त्याचं वजन करून दिलं, जेवल्यावर द्यायचं. चार-पाच दिवसांत उतार पडेल, आठवड्यात वर नाही आली तर परत आणा. बाईने गोळीचा किस्सा सांगितला तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ते फार बरं केलंत, दादा. लोक सर्रास देतात." मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा संताप आला.

फाटकाशी राखणदार वाट बघत होता. बायकोने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, आता सायबाला फोन करा."

"करतो."

केला नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी दिवसातून तीनदा जाऊन स्वतः शेक देत होतो, वेळा टिपत होतो, पण फोन करायचा म्हणजे कुणी ओळखलं ते सांगावं लागणार, आणि तिचं नाव मला घ्यायचं नव्हतं. गुरुवारी शेपटी आडवी झाली, टोक तेवढं हललं. त्याच गुरुवारी खोलीच्या दारात भांडी लुगड्यात बांधलेली दिसली. बाई भिंतीवरचे खिळे काढत होती, खिळेसुद्धा. शुक्रवारी दुपारी तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. "आमी जावं का ऱ्हावं, तेवडं सांगा. जायचं तं बहिनीला निरोप द्यावा लागंल. ती शेलूला ऱ्हाते, तिची एकच खोली हाय."

मी तिथेच उभ्याने फोन लावला. म्हणालो, "साहेब, मी पुन्हा नीट तपासलं. हाड शाबूत आहे. रविवारी दिवसभर गार पाण्यात पोहून स्नायू आखडला. यांचा काही दोष नाही. खोली रिकामी करायला लावू नका."

"पण तुम्हाला कळलं कसं?" मालकांनी विचारलं.

आणि मी म्हणालो, "आमचे वडील गुरांच्या दवाखान्यात होते. त्यांनी लहानपणी शिकवलं, डोळे मिटून बोटांनी बघायचं."

"वा! अशी माणसं राहिली नाहीत हो," मालक म्हणाले. काल ते आले, राखणदाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, चूक झाली, मनात ठेवू नको. भांडी पुन्हा फळीवर गेली. मालक आत गेल्यावर राखणदार माझ्याजवळ आला आणि अगदी साध्या चेहऱ्याने म्हणाला, "डोळं मिटून बगता व्हय तुमी? मी तं कदी बगितलं नाय." पलीकडे बायको भांडी लावता लावता खोकली. तो टोमणा मी घेतला. त्याचं तेवढं येणं होतं माझ्याकडून.

आज सकाळी पत्रा वाजला. मी फाटकाशी थांबलो आणि कुत्रा जवळ आल्यावर खरंच डोळे मिटून त्याच्या शेपटीवर बोटं ठेवली. मला काही कळलं नाही. केस, कातडी, खाली हाड. गरम कुठे, गार कुठे, काही नाही. ते शिकावं लागत असणार.

आबा, फोनवर मी तिचं नाव घेतलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण सांगायचं ते वेगळंच आहे. तुम्ही मला शिकवलंत, हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा शुक्रवारी बोललो. ते खोटं होतं, आणि ते बोलताना इतकं बरं वाटलं की काल मालकांपुढे, कारण नसताना, मी ते पुन्हा एकदा म्हणालो. खरं तर ही पानं तिला द्यायला हवीत. तिचा दवाखाना इथून दहा मिनिटांवर आहे, रविवारीही दुपारपर्यंत उघडा असतो. तुम्हाला लिहिली, कारण तुमच्यापर्यंत ती पोचणार नाहीत.